पाच चुका आणि थेट शून्य: फ्रेंच वहीतल्या लाल शाईचा इतिहास

आज जाऊया फ्रान्सच्या शाळेत. बाई किंवा गुरुजी मोठ्याने उतारा वाचतायत, मुलं खाली मान घालून लिहितायत. आपल्याकडे याला श्रुतलेखन म्हणतात, तिकडे 'दिक्ते'. आपलं श्रुतलेखन चौथी-पाचवीत संपून जातं. फ्रान्समध्ये मात्र याच दिक्तेने लाखो मुलांचं भविष्य ठरवलं.

सुरुवात एका गमतीदार किश्श्याने करतो. साल 1857. सम्राट तिसरा नेपोलियन याच्या दरबारात लेखक प्रोस्पेर मेरिमेने मुद्दाम एक अवघड उतारा रचला आणि सगळ्यांना लिहायला बसवलं. सांगतात की सम्राटाच्या 75 चुका झाल्या, सम्राज्ञी युजेनीच्या 62 आणि लेखक धाकट्या ड्यूमाच्या 24. सगळ्यात कमी, म्हणजे फक्त 3 चुका कुणाच्या? ऑस्ट्रियाच्या मेटर्निखच्या. म्हणजे एका परदेशी माणसाच्या!

दरबारात हा खेळ होता. सगळे हसले आणि जेवायला गेले. पुढे शाळेत मात्र तो खेळ राहिला नाही.

1882 च्या सुमाराला शिक्षणमंत्री ज्यूल फेरीने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. शाळा संपताना एक परीक्षा असायची, 'सर्तिफिका देत्यूद'. अकरा-बारा वर्षांची पोरं ती द्यायची. आपल्याकडे एके काळी 'फायनल पास' म्हणण्यात जो मान होता ना, अगदी तसाच मान या सर्टिफिकेटला होता. शेतकऱ्याच्या पोराला पोस्टात किंवा रेल्वेत चिकटायचं असेल, तर हा कागद फार कामाचा. घरोघरी तो फ्रेम करून भिंतीवर लावायचे.

आणि त्यात दिक्तेचा हिशोब कसा होता? एका चुकीला दोन मार्क वजा. दहापैकी पाच चुका झाल्या की शून्य. शून्य आलं की परीक्षेतूनच बाद! गणित कितीही चांगलं असो, उपयोग नाही. त्यामुळे बरेच शिक्षक ज्यांची पास होण्याची खात्री आहे, त्यांनाच परीक्षेला बसवायचे. बाकीची मुलं त्या वर्गापर्यंत शिकूनही कागदाशिवाय घरी.

आता म्हणाल, पाच चुका म्हणजे काय विशेष? इथे फ्रेंचची खोड समजून घ्या. 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'ते बोलतात' या तिन्हींत क्रियापद कानाला एकच ऐकू येतं, 'पार्ल'. लिहिताना मात्र तिन्हींचे शेवट वेगळे. कान काही मदत करत नाही, व्याकरण डोक्यात पक्कं असावं लागतं. त्यात ब्रिटनी, बास्क प्रांत किंवा दक्षिण फ्रान्समधल्या अनेक मुलांच्या घरी फ्रेंच बोललीच जात नव्हती. सगळ्यांना उतारा तोच आणि शून्यही तेच.

बरं, दिक्तेत निदान चूक मोजता तरी येते. निबंधाचं काय? मी पुण्यात फ्रेंच शिकत असताना माझा निबंध 12/20 घेऊन परत आला आणि वर शेरा होता 'छान'. मला कळेना, साठ टक्क्यांत छान काय? नंतर समजलं. फ्रान्समध्ये 1890 पासून माध्यमिक शाळेत वीसपैकी मार्क द्यायची पद्धत आली. तिथे 10 ला पास आणि बाकालोरेआत, म्हणजे त्यांच्या बारावीत, 16 सरासरीला फार वरचा शेरा. वीसपैकी वीस जवळपास कुणालाच नाही.

पण ते 12 खरंच 12 असतात का? 1930 च्या दशकात लोजिए आणि वाइनबर्ग या दोन संशोधकांनी हेच तपासलं. बाकालोरेआचे जुने पेपर घेतले आणि वेगवेगळ्या परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतले. फ्रेंच निबंधात एकाच पेपरला दोन परीक्षकांच्या मार्कांत 13 पर्यंत फरक निघाला, तोही वीसपैकी! मग त्यांनी गणित मांडलं की भरवशाचा मार्क हवा असेल तर किती परीक्षकांची सरासरी काढावी लागेल? गणिताला 13, फ्रेंच निबंधाला 78, तत्त्वज्ञानाला 127. एका पेपरला 78 परीक्षक आणायचे कुठून? पुढे फ्रान्समध्ये परीक्षांच्या अभ्यासाचं एक शास्त्रच उभं राहिलं, त्याला 'दोसिमोलोजी' म्हणतात.

आजचं चित्र? फ्रान्सच्या शिक्षण खात्याने पाचवीच्या वयाच्या मुलांना एकच उतारा पुन्हा पुन्हा घातला. 1987 मध्ये सरासरी 10.7 चुका, 2021 मध्ये 19.4. जुना नियम लावला तर 1987 ची सरासरीसुद्धा शून्यच!

आपल्याकडे पुण्या-मुंबईत 'देल्फ' देणाऱ्यांना माहीत असेल, आता लेखनाला 25 मार्क असतात आणि ते वाटून दिलेले असतात. सांगितलेलं काम केलं का, मुद्दे जुळतात का, शब्द किती, व्याकरण कसं. शुद्धलेखन त्यातला फक्त एक भाग. परीक्षकाची मर्जी पूर्ण संपलेली नाही, पण तिला चौकट आली. आणि पाच चुकांवर कुणी बाद होत नाही.

मला यातला मोठा फरक असा वाटतो की दिक्तेत मुलाचं स्वतःचं एकही वाक्य नसायचं. तपासणाऱ्याला फक्त चुका दिसायच्या, मूल काय सांगू पाहतंय हे दिसायला जागाच नव्हती. म्हणून पुढच्या वेळी लाल शाईने भरलेली वही परत आली, तर चुका जरूर सुधारा. पण आपण जे म्हणत होतो ते पोचलं का, हेही बाईंना विचारा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा!