‘क्यू’च्या पाठीशी ‘यू’ नसलेले शब्द



शाळेत इंग्रजी शिकताना गुरुजींनी सांगितलेला एक नियम तुम्हांपैकी पुष्कळांना आठवत असेल. ‘क्यू’ हे अक्षर एकटे कधी बाहेर पडत नाही. त्याच्या पाठोपाठ ‘यू’ यावयाचाच. क्वीन घ्या, क्विक घ्या, क्वेश्चन घ्या. नियम बरा आहे, पण पुरा नाही. तो मोडणारे शब्द इंग्रजी कोशांत आहेत, आणि त्यांना खरा भाव आला तो एका खेळामुळे.

त्या खेळाचे नाव स्क्रॅबल. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत मोठी मंदी होती. आल्फ्रेड बट्स नावाचा एक वास्तुशिल्पज्ञ बेकार होऊन घरी बसला होता. त्याने वर्तमानपत्रे पुढ्यात घेतली आणि कोणते अक्षर किती वेळा येते ते चक्क मोजून काढले. वारंवार येणाऱ्या अक्षराला एक गुण, दुर्मिळ अक्षराला जास्त. ‘ई’च्या सोंगट्या बारा, तर ‘क्यू’ आणि ‘झेड’ची प्रत्येकी एकच, पण तिची किंमत दहा गुण. १९४८ साली जेम्स ब्रुनो याने या खेळाला आजचे नाव दिले.

आता गंमत पाहा. ‘क्यू’ हाती आला, पण ‘यू’ नाही, तर खेळणाऱ्याने करायचे काय? अशा वेळी त्याच्या मदतीला धावतो तो फकीर! होय, आपल्या दारी येणारा फकीरच. अरबीत घशातून उच्चारला जाणारा एक ‘क’ आहे. तो रोमन लिपीत दाखवण्यासाठी पंडितांनी ‘क्यू’ वापरला, म्हणून इंग्रजीत ‘फकीर’ लिहिताना मधे नुसता ‘क्यू’ चालतो. दुसरा शब्द ‘कनात’. तंबूची कनात ती वेगळी, ही इराणातली. डोंगराच्या पायथ्यापासून विहिरींची रांग खणायची, त्या तळाशी बोगद्याने जोडायच्या, आणि नुसत्या उतारावर पाणी गावात आणायचे. मोट नको, पंप नको. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर बांधली ती याच जातीची.

त्याहून लहान शब्द ‘ची’. अक्षरे दोनच, ‘क्यू’ आणि ‘आय’. चिनी भाषेत याचा अर्थ प्राणशक्ती. १९५८ साली चीनने रोमन लिपीत लिहिण्याची नवी पद्धत स्वीकारली, तिच्यातून हे स्पेलिंग आले. अमेरिकेतील स्क्रॅबलच्या शब्दयादीत ते २००६ मध्ये दाखल झाले.

‘सी-डब्ल्यू-एम’ हा शब्द पाहून तर विद्यार्थी म्हणेल, यात स्वर कुठे आहे? उच्चार ‘कूम’, अर्थ दरी. शब्द वेल्श लोकांचा, आणि त्यांच्याकडे ‘डब्ल्यू’ हा स्वरही असतो. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर चढले ते अशाच एका हिमदरीतून. तिचे नावच वेस्टर्न कूम. आणि ‘झॅक्स’? कौलांसाठी दगडी पाट्या तासणाऱ्या कारागिराचे ते हत्यार. सुरीसाठी असलेल्या एका जुन्या इंग्रजी शब्दापासून ते नाव आले, आणि सॅक्सन लोकांचे नावही त्याच सुरीवरून पडले असे मानतात.

या पाहुण्यांच्या पंगतीत आपलीही पाने मांडलेली आहेत. ‘तूप’ नाही, पण ‘घी’ आहे. ‘जोवार’ म्हणजे आपली ज्वारी. खेळात तिचे पंधरा गुण होतात! इंग्रजी ‘माँगूज’ तर मराठी मुंगुसावरूनच आला असे कोशकार सांगतात. त्याच्या शेवटी ‘गूज’ दिसला, तरी त्या पक्ष्याशी त्याचे काही नाते नाही. म्हणून अनेकवचनात ‘गीज’ होत नाही.

आता एक इशारा. खेळ जिंकायला अर्थ लागतोच असे नाही. नायजेल रिचर्ड्स या न्यूझीलंडच्या खेळाडूने २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. त्याने शब्द पाठ केले होते. त्याच्या स्मरणशक्तीला नमस्कार! पण आपल्या वर्गांतूनही शब्द असेच पाठ होतात, आणि तिथे जगज्जेतेपद कोणालाच मिळत नाही. मिळते ती धास्ती. इंग्रजी ही परक्या, मोठ्या लोकांची भाषा, तिथे आपले काय काम, असे खेड्यातल्या मुलाला वाटू लागते.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, उद्या फळ्यावर ‘जोवार’ इंग्रजीत लिहा आणि मुलांना वाचायला सांगा. एखादे पोर बिचकत बिचकत वाचील आणि म्हणेल, “गुरुजी, ही तर आमच्या शेतातली!” तिथून पुढे धडा सुरू करा.