खुरसावरील वर्ष

वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून पायी हिंडण्याचा योग ज्यांना आला आहे, त्यांना रस्त्याच्या वळणावर, दोन घरांच्या मध्ये, कधी एखाद्या नव्या इमारतीच्या फाटकालगत अवघडून उभे असलेले दगडी खुरूस परिचयाचे असतील. रानवार, चिंबई, पाली, चुईम, शेर्ली-राजन या साऱ्या परिसरात ते विखुरलेले आहेत. त्यांतील कित्येकांच्या चौथऱ्यावर वर्ष कोरलेले असते आणि ते पुष्कळदा १८९६ ते १९०६ या दशकातले असते. लोक त्यांना 'प्लेगचे खुरूस' म्हणतात. गोरेगावच्या सेमिनरीत शिकत असताना आम्ही ते प्रथम लक्षपूर्वक पाहिले. एका खुरसापाशी मेणबत्ती लावणाऱ्या वृद्ध भगिनीला आम्ही विचारले, की हा खुरूस साथ आली म्हणून उभारला, की गेली म्हणून? तिने आमच्या अज्ञानाची कीव आल्यासारखे पाहिले आणि म्हणाली, "दोन्ही एकच की, फादर!" आम्हांला तेव्हा गुरुदीक्षा मिळाली नव्हती, पण अंगावरचा पांढरा झगा तिला पुरेसा होता.

त्या वयात आम्ही एक सोयीस्कर निष्कर्ष काढला होता. साथ आली तेव्हा सरकारने खबरदारी घेतली आणि आपल्या भोळ्या पूर्वजांनी खुरूस उभारले. एका बाजूला विज्ञान, दुसऱ्या बाजूला भक्ती. हा निष्कर्ष किती उथळ होता, हे कळायला २०२० साल उजाडावे लागले. टाळेबंदीच्या त्या महिन्यांत ख्रिस्तमंदिराला कुलूप होते, हाताशी वेळ होता, आणि आम्ही प्लेगाचा इतिहास पुन्हा वाचू लागलो.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात, बंदरालगतच्या धान्याच्या वखारींच्या परिसरात, माणसे तापाने मरू लागली. ताप चढे, जांघेत वा काखेत गाठ येई आणि दोन-चार दिवसांत खेळ आटोपे. ही गाठ ओळखणारा आणि 'हा प्लेग आहे' असे उघडपणे सांगणारा पहिला वैद्य म्हणजे डॉ. अकासिओ व्हिएगस, गोव्याच्या हडफड्याचा आपला कॅथलिक बांधव. मुंबईसारख्या व्यापारी शहराला हे निदान परवडणारे नव्हते. प्लेग म्हटले की परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, गिरण्यांचा माल पडून राहणार. म्हणून प्रारंभी 'संशयास्पद ताप' अशा गुळमुळीत शब्दांत बोलले जाई. तज्ज्ञांनी व्हिएगसांचे निदान खरे ठरवले, तेव्हा कुठे शब्द बदलला. आज धोबीतलावाजवळ, मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. त्याच्या पायथ्याशी बसची वाट पाहणाऱ्यांपैकी तो कुणाचा हे किती जणांना ठाऊक असेल, याविषयी आम्हांला दाट शंका आहे.

निदान झाले आणि खबरदारीचे सत्र सुरू झाले. गटारे धुतली जाऊ लागली, भिंतींना चुना फासला जाऊ लागला, कार्बोलिकचे फवारे उडू लागले. घरात ऊन यावे म्हणून छपरावरची कौले उतरवली गेली. रोग्याचे अंथरूण-पांघरूण जाळण्यात आले. रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेण्याचा हुकूम निघाला. आगगाडीच्या स्थानकांवर उतारूंना रांगेत उभे करून त्यांच्या काखा-जांघा तपासल्या जाऊ लागल्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. कोणाच्याही घरात शिरण्याचा, कोणालाही अलग ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. (हाच कायदा २०२० साली आपल्याला लागू झाला, हे पुष्कळांना तेव्हा वर्तमानपत्रांतून समजले.)

लोकांनी काय केले? ज्यांना शक्य होते ते पळाले. लाखो माणसांनी मुंबई सोडली, आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही गावोगाव पोहोचला. ज्यांना पळणे शक्य नव्हते त्यांनी रोगी लपवले. माळ्यावर, कपाटामागे, धान्याच्या पोत्यांआड. मृत्यू झाला तरी दुसरेच कारण सांगितले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांचा सुमारे हजारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. इस्पितळात माणसांना मारून त्यांची 'मोमियाई' काढतात, अशी अफवा शहरभर पसरली होती. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला तपासू देण्यावरून दंगल उसळली आणि रक्त सांडले.

हे सारे वाचताना सुशिक्षित माणसाच्या ओठांवर एकच शब्द येतो, 'अडाणी'. आमच्याही आला होता. पण त्या काळाच्या रोग्याच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. इस्पितळात नेलेला माणूस सहसा परत येत नसे. तो फार उशिरा तेथे पोहोचे, हे त्याचे मुख्य कारण. आणि उशिरा पोहोचे, कारण परत येत नसे म्हणून घरचे त्याला लपवत. या दुष्टचक्रात मोमियाईची अफवा शिरली यात नवल ते काय? ज्याला दाराआड काय चालते ते कुणी दाखवत नाही, तो दाराआडच्या गोष्टी स्वतःच रचतो. शिवाय मरणाऱ्याच्या मुखी पाणी कोण घालणार, त्याच्या देहाची व्यवस्था कोण लावणार, त्याच्यासाठी कोण प्रार्थना करणार, या प्रश्नांची उत्तरे हुकमांच्या कागदात नव्हती. ती ज्याच्या मनातून जात नाहीत अशा माणसाला अडाणी म्हणण्याचे धाडस निदान धर्मगुरूने तरी करू नये.

पुण्याची कथा अधिक दुःखद आहे. तेथे वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती प्लेगचा कारभार होता आणि घरझडतीसाठी गोरे सैनिक होते. बूट घालून सैनिक स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, हे गाऱ्हाणे घरोघरी होते. लोकमान्य टिळकांचे वर्तन येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. झडतीच्या पद्धतीवर ते कडाडून टीका करीत होते. पण शहर सोडून न जाता त्यांनी हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. अलगपणाची गरज त्यांना मान्य होती, अवमान मान्य नव्हता. आणि आपल्या वाचकांनी विसरू नये असे एक नाव म्हणजे पंडिता रमाबाई. त्या ख्रिस्ती, त्यांचा राज्यकर्त्यांशी स्नेह. तरीही आपल्या आश्रमातील एका मुलीची प्लेग इस्पितळात झालेली परवड त्यांनी १८९७ साली वृत्तपत्राला पत्र लिहून निर्भीडपणे जाहीर केली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढचा इतिहास पाठ्यपुस्तकांत आहे. त्यात एक गोष्ट सहसा नसते: ज्या खबरदारीसाठी एवढा अनर्थ झाला, तिचा बराचसा भाग व्यर्थ होता.

कारण शत्रू कुठे दडला आहे हेच कोणाला माहीत नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता; पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोडे होते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने दाखवून दिले, की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू हाच त्याचा वाहक आहे. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांनी ते पटवले. म्हणजे १८९७ साली घरे उकरून, गटारे धुऊन जे उंदीर हुसकावले गेले, ते आपल्या पिसवांसह शेजारच्या घरात बिऱ्हाड करीत होते! तरीही त्या वैद्यांना आणि अंमलदारांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही २०२० च्या एप्रिलमध्ये भेंडी साबणाच्या पाण्यात बुडवून वाळत घातली आहे आणि दुधाच्या पिशव्या पुसल्या आहेत. संकटात माणूस जे हाताशी असेल ते करतो. त्यातले काय उपयोगी पडले ते मागाहून कळते.

काही जण मात्र लोकांच्या मनापर्यंत पोहोचले. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका छोट्याशा खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. लोक घाबरत होते, तेव्हा एकोणीस वर्षांचे आगाखान यांनी आपल्या अनुयायांदेखत स्वतःला टोचून घेतले. खोजा समाजाचे भय कमी झाले ते परिपत्रकाने नव्हे. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले निवर्तल्या, त्याही प्लेगनेच. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या डॉक्टर पुत्राच्या दवाखान्यात गेल्या होत्या. खबरदारीच्या कोणत्याही नियमात हे बसत नाही. आणि तरीही त्या जेथे घेऊन गेल्या तो दवाखानाच होता, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

येथे आम्हांला चारशेहून अधिक वर्षे मागे, मिलान शहरात जावेसे वाटते. कारण वांद्र्याच्या खुरसांचे एक नाते तिथवर पोहोचते. १५७६ साली मिलानमध्ये प्लेग आला, तेव्हा गव्हर्नर आणि सरदार मंडळी शहर सोडून गेली. महागुरुस्वामी चार्ल्स बोरोमिओ राहिले. आपल्या प्रासादातील पडदे उतरवून त्यांनी गरिबांसाठी कपडे शिवून घेतले. रोगनिवारणासाठी त्यांनी अनवाणी मिरवणुका काढल्या. गर्दीने रोग वाढेल म्हणून नगराच्या अधिकाऱ्यांना त्या नको होत्या, आणि आजच्या ज्ञानाने पाहता अधिकाऱ्यांची भीती रास्त होती, हे संताविषयी आदर बाळगूनही म्हटले पाहिजे. पण जेव्हा साऱ्या शहराला घरात बसवावे लागले, तेव्हा त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या. लोक आपापल्या खिडक्यांत गुडघे टेकत आणि रस्त्यावरची मिस्सा पाहत. दार बंद राहिले, पण वेदी दारापाशी आली. पुढे त्या चौकांत खुरूस आणि स्तंभ उभे राहिले. गल्लीच्या तोंडाशी खुरूस, त्याच्यापुढे वाडीपुरती जमलेली दहा-बारा घरे, आणि लदीन. वांद्र्याच्या पूर्वजांनी मिलानचे नावही ऐकले नसेल, तरी त्यांनी तेच केले. आमच्या तरुणपणीच्या निष्कर्षात ही गोष्ट मुळीच आली नव्हती, की खुरसापुढे प्रार्थना करणारा माणूस टोचून घ्यायलाही गेला असेल.

२०२० साली आम्ही काय केले, तेही सांगितले पाहिजे. मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे बंद होती. झावळ्यांचा रविवार, शुभ शुक्रवार, पुनरुत्थानाचा सण, सारे आम्ही रिकाम्या बाकांसमोर आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर साजरे केले. २७ मार्चच्या सायंकाळी दिवंगत पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, निर्मनुष्य चौकात एकटे उभे राहिले. त्यांच्यामागे रोममधल्या सान मार्चेल्लो मंदिरातला तो खुरूस होता, जो १५२२ च्या प्लेगात रस्त्यारस्त्यांतून फिरवला गेला होता. मुंबईत पहिले रुग्ण नेण्यात आले ते कस्तुरबा रुग्णालयात, म्हणजे १८९६ साली जमाव चालून गेला होता त्याच आर्थर रोडच्या इस्पितळात. ३० मार्च रोजी मुंबई महापालिकेने सर्व धर्मांच्या मृतांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी मागे घेतले. ते थोडेच तास टिकले. पण त्या तासांत आमचा दूरध्वनी अखंड वाजत होता.

आम्ही नियमांचे कडवे समर्थक होतो. मुखपट्टी न लावणाऱ्यांना आम्ही चारचौघांत सुनावले. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थाने आपल्या आईचा ताप चार दिवस लपवला. पाचव्या दिवशी तिला श्वास पुरेना, तेव्हा रुग्णालयात नेले. तेथे ती दोन दिवसांनी देवाघरी गेली. आम्ही दूरध्वनीवर त्याच्यावर संतापलो. लपवून तू आईलाच नव्हे, शेजाऱ्यांनाही धोक्यात घातलेस, असे म्हणालो. आणि ते खरे होते. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, पहिल्या दिवशी नेलं असतं, तर मला तिच्याजवळ बसू दिलं असतं का? तुम्ही आला असता का तिला तेल लावायला?"

आम्ही गेलो नसतो. त्या दिवसांत आम्ही कोणाकडेच गेलो नव्हतो. आमचे वय, आमचा मधुमेह, वरिष्ठांच्या सूचना, अशी कारणे होती आणि ती खोटी नव्हती. काही तरुण धर्मगुरू आणि धर्मभगिनी परवानगी काढून, पीपीई किट चढवून जात होत्या. आम्ही दफनाला गेलो, तेही स्मशानभूमीच्या फाटकाशी उभे राहिलो आणि लांबून पवित्र पाणी शिंपडले. ते देहापर्यंत पोहोचले नाही. त्याने ते पाहिले.

लस आल्यावर तो पहिल्याच रांगेत होता, आणि वाडीतल्या संशयी म्हाताऱ्यांना हाताला धरून घेऊन जात होता. आमच्याशी बोलणे मात्र त्याने जवळजवळ दोन वर्षे टाळले. मग एका मे महिन्यात, लदीनीचे दिवस असताना, तो पॅरिश ऑफिसात आला. घराच्या अंगणात लहानसा खुरूस बांधायचा होता. आशीर्वादासाठी आम्ही यावे, ही विनंती. खुर्चीवर न बसताच त्याने विचारले, चौथऱ्यावर कोणते वर्ष घालायचे, साथ आली ते, की गेली ते?

आम्ही त्याला आईचे वर्ष घालायला सांगितले. आशीर्वादाच्या दिवशी आम्ही वेळेआधी पोहोचलो. पवित्र पाण्याचे भांडे त्याने आमच्या हातून घेतले आणि आम्ही शिंपडेपर्यंत ते खुरसाच्या अगदी जवळ धरून ठेवले.