शिकवण मराठीत, मिस्सा लॅटिनमध्ये

गोवा 1510 मध्ये आणि वसई 1534 च्या तहाने पोर्तुगिजांच्या ताब्यात आली. त्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन संघांचे धर्मगुरू कोकणात उतरले. त्यांनी आणलेल्या कॅथलिक धर्माची भाषा एक नव्हती. राज्यकारभार पोर्तुगीजमध्ये चाले, वेदीवरची उपासना, म्हणजे मिस्सा, लॅटिनमध्ये आणि लोकांना शिकवायचे ते त्यांच्याच बोलीत. पोर्तुगीज भाषा राजवटीबरोबर गेली. शिकवण आणि उपासना यांच्यातली फारकत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली, आणि मराठी-कोंकणी मुलखातल्या कॅथलिकांचे धर्मजीवन तिनेच घडवले.

शिकवणीचा गाभा आटोपशीर होता. एकच परमेश्वर, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत. पुत्राने मरियेच्या उदरी मानवदेह धारण केला. तो क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि न्यायासाठी पुन्हा येणार आहे. मरियामाता आणि संत यांचा आदर करायचा, त्यांची मध्यस्थी मागायची. आराधना मात्र एकट्या देवाची. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची, कारण शुद्धिस्थानातील आत्म्यांना तिचा उपयोग होतो. रोमच्या पोपला पवित्र सभेचा, म्हणजे चर्चचा, प्रमुख मानायचे. हे सारे मुखोद्गत व्हावे म्हणून प्रेषितांच्या नावाने चालत आलेली विश्वासाची कबुली, प्रभूची प्रार्थना, ‘नमो मरिया’ आणि दहा आज्ञा पाठ करून घेत. 1542 मध्ये गोव्यात आलेले फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली फिरत आणि जमलेल्या मुलांना व गुलामांना हाच पाठ घोकायला लावत.

या शिकवणीचे दुसरे अंग म्हणजे संस्कार. कॅथलिक समजुतीप्रमाणे संस्कार ही निव्वळ खूण नव्हे. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, हस्तस्पर्श आणि ठरलेले शब्द यांतून देवाची कृपा प्रत्यक्ष मिळते. स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह हे ते सात. सात हा आकडा मात्र पहिल्या शतकापासून ठरलेला नव्हता. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्ड या धर्मपंडिताने सातांची यादी मांडली, ती विद्यापीठांतून रुळली, 1274 च्या लिओं परिषदेत आणि 1439 मध्ये फ्लॉरेन्सला तिला मान्यता मिळाली. मार्टिन ल्यूथरने त्यांतले बहुतेक नाकारल्यावर 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ‘सातच, कमी नाही आणि जास्तही नाही’ असा निर्णय दिला. कोकणातील मिशनचा विस्तार आणि ट्रेंटची परिषद (1545–1563) यांचा काळ एकच आहे. त्यामुळे येथे आलेला कॅथलिक धर्म प्रॉटेस्टंट बंडाच्या धास्तीने काटेकोर झालेला, नियमांनी बांधलेला असा आला.

त्या नियमांपैकी एकाचे परिणाम येथे फार दूरवर गेले. सप्टेंबर 1562 मध्ये परिषदेने ठरवले की मिस्सा लोकभाषेत करणे इष्ट नाही. परंतु धर्मगुरूंनी, विशेषतः रविवारी आणि सणांच्या दिवशी, तिचा अर्थ लोकांना वरचेवर समजावून सांगावा. म्हणजे गूढ लॅटिनमध्ये राहील, फोड बोलीभाषेत होईल. 1570 मध्ये पोप पायस पाचवे यांनी मिस्साग्रंथाची प्रमाण आवृत्ती काढली आणि ती जवळजवळ सर्व पाश्चात्त्य सभेला लागू केली. त्यानंतर गोव्यातल्या आणि पोर्तुगालमधल्या वेदीवरचे शब्द जवळजवळ एकच झाले.

गोव्याच्या पहिल्या प्रांतिक परिषदेने 1567 मध्ये स्थानिक भाषा शिकण्यावर भर दिला. यात उदारपणा शोधण्याचे कारण नाही. त्याच परिषदेने हिंदू विधींवर निर्बंध आणण्याची मागणी केली, देवळे पाडली जात होती, जुने ग्रंथ जप्त होत होते आणि 1560 पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते. नवख्रिस्ती आपल्या जुन्या चालीकडे परतू नयेत यासाठी त्यांची भाषा हवी होती. त्या गरजेतूनच मराठी ख्रिस्ती वाङ्मयातला सर्वांत मोठा ग्रंथ निघाला.

त्याचा कर्ता थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधील विल्टशायरचा. प्रॉटेस्टंट राजवटीत कॅथलिक धर्माला थारा नव्हता. त्याने रोममध्ये जेझुइट संघात प्रवेश घेतला आणि ऑक्टोबर 1579 मध्ये तो गोव्याला पोहोचला. पुढली सुमारे चाळीस वर्षे त्याने मुख्यतः गोव्यातल्या साष्टीत काढली. त्याच्या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. ख्रिस्ती शिकवणीचा वर्ग चालू असताना एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हांला का देत नाही? प्रश्न नम्र आहे, पण त्यातली बोच लपत नाही. वाचायला आणि ऐकायला काहीच उरले नाही, ही त्या समाजाची तक्रार ग्रंथकर्त्याने स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

उत्तर म्हणून 1616 मध्ये रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. पहिल्या पुराणात 36 प्रसंग, दुसऱ्यात 59. ओव्या जवळजवळ अकरा हजार. पहिला भाग सृष्टीची उत्पत्ती आणि जुना करार सांगतो, दुसरा ख्रिस्ताचे चरित्र. ओवीचा छंद, श्रोत्यांच्या शंका, गुरूंची उत्तरे ही मांडणी थेट मराठी पुराणकथनाची आहे. स्वर्गालाही कवी वैकुंठ म्हणतो. देवनागरी टंक हाताशी नसल्याने ही मराठी रोमन लिपीत छापावी लागली. 1649 आणि 1654 मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या, पण सतराव्या शतकातली एकही छापील प्रत आज हाती नाही; ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. 1907 मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरहून त्याची नवी आवृत्ती काढली आणि 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात तो देवनागरीत आणला.

स्टीफन्सचे दुसरे पुस्तक प्रश्नोत्तरांचे. ‘दौत्रीन क्रिस्तां’ हे मार्कोस जॉर्ज यांच्या पोर्तुगीज धर्मपाठाच्या आधाराने कोंकणीत लिहिलेले छोटे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये निघाले. क्रूसाची खूण कशी करावी इथपासून प्रत्येक संस्कार काय देतो इथपर्यंत गुरू आणि शिष्य यांचा संवाद त्यात आहे. पुराण ऐकायचे आणि दौत्रीन पाठ करायची, अशी ही जोडी. उत्तर कोकणासाठी फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांनी 1659 मध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनावर तिकडच्या बोलीत पुराण रचले. वसई-मुंबईकडे ते उपवासकाळात गायले-वाचले जाई आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापले गेले. काव्य म्हणून ते स्टीफन्सच्या पासंगाला पुरत नाही. लोकप्रियतेत मात्र उत्तरेकडे त्याचीच सरशी झाली. गोव्यात 1684 मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला आणि तिथल्या या लेखनाला उतरती कळा लागली.

हे सगळे वेदीच्या अलीकडचे. वेदीवर काय घडत असे ते वेगळे होते. पाद्री लोकांकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून उभा राही. लॅटिन प्रार्थनांपैकी बऱ्याच तो हलक्या आवाजात म्हणे. मदतनीस मुलगा अर्थ न कळता पाठ केलेली लॅटिन उत्तरे देई. गुडघे टेकून बसलेले लोक तोवर आपली जपमाळ ओढत. मग घंटी वाजे. भाकरीवर ख्रिस्ताचे शब्द उच्चारून पाद्री ती दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरी आणि सगळ्या नजरा तिच्याकडे वळत. त्या शब्दांनी भाकर आणि द्राक्षारस यांचे तत्त्व पालटून ते ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होते, बाह्य रूप तेवढे तसेच राहते, ही कॅथलिक श्रद्धेची कळ आहे. मिस्साबलिदान म्हणतात ते यासाठीच. कॅल्व्हरीच्या टेकडीवर ख्रिस्ताने क्रुसावर दिलेला बळी तिथे पुन्हा सादर होतो असे मानले जाते. शब्द न कळूनही तो क्षण कुणाला चुकत नसे, हे कबूल करावे लागते.

ख्रिस्तशरीर स्वीकारणे मात्र क्वचितच होई. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन आणि पुनरुत्थान सणाच्या सुमारास एकदा ख्रिस्तशरीर एवढे बंधन घातले होते. बहुतेकांनी तेवढ्यावरच भागवले. पाद्रीच्या कानात पाप सांगण्याची पद्धतही मूळची नव्हे. प्राचीन काळी मोठ्या पापांचे प्रायश्चित्त उघड आणि बहुधा आयुष्यात एकदाच घ्यावे लागे. खाजगी आणि पुनःपुन्हा करायचे पापनिवेदन आयरिश मठवासीयांनी सहाव्या-सातव्या शतकात युरोपभर नेले. मध्ये जाळी असलेली लाकडी खोली तर सोळाव्या शतकातली. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी तिचा प्रसार केला. लहान मुलांना सातव्या वर्षाच्या आसपास पहिले ख्रिस्तशरीर मिळू लागले ते 1910 च्या पोप पायस दहावे यांच्या आदेशानंतर. आज वसईत पांढऱ्या पोशाखातल्या मुलांचा जो मोठा सोहळा होतो, त्याचे आजचे रूप त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे जात नाही.

विवाहाची गोष्ट निराळी. ट्रेंटने 1563 मध्ये ठरवले की धर्मग्रामाचा पाद्री आणि दोन-तीन साक्षीदार यांच्यासमोर झालेलेच लग्न ग्राह्य. त्याआधी तीन सणवारी मिस्सेत त्याची जाहीर सूचना द्यायची, नंतर नोंदवहीत नाव लिहायचे. चर्चने लग्नाचा एवढा भाग हाती घेतला आणि बाकीचा घरी सोडला. तो घरचा भाग कोकणात टिकून राहिला. उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन कॅथलिक समाजात लग्नाच्या आदल्या रात्री वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्याला उंबराचे पाणी म्हणतात. त्या पाण्याने नवरा-नवरीला न्हाऊ घालतात. भाताची पहिली कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करून घ्यायचा आगेरा हा सण ऑक्टोबरात येतो. वाडीतल्या क्रुसापाशी संध्याकाळी जमून म्हटलेली रोजरी, झावळ्यांचा रविवार, आश्रयदात्या संताच्या सणाआधीचे नऊ दिवसांचे नोव्हेना ही लोकांची खरी उपासना होती, कारण तिथे ते बोलू शकत आणि गाऊ शकत.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा लोकांच्या याच उपासनेचा आधार झाला. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती धर्म पाळण्याची मोकळीक होती, तरी युरोपीय संघ निघून गेले, किल्ल्यातली मठ-चर्चे ओस पडली. चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्हे म्हणून देशावर नेल्या; भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या दिसतात. धर्म टिकला तो एतद्देशीय पाद्रींमुळे आणि घराघरांतल्या प्रार्थनेमुळे. पुढे चर्चवर पोर्तुगीज राजाचा हक्क मोठा की रोमचा, या वादात उत्तर कोकणातली धर्मग्रामे एकोणिसाव्या शतकभर विभागली गेली. पोर्तुगाल आणि रोम यांच्यातल्या 1886 च्या करारानंतर वसई दमण धर्मप्रांतात गेली आणि 1928 मध्ये मुंबईत आली. या भांडणाने कागदांचे ढीग तयार केले; मिस्सेचा एक शब्दही त्याने बदलला नाही.

बदल रोमहूनच आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. लॅटिन रद्द केली नाही, परंतु लोकभाषेला वाट मोकळी केली आणि लोकांनी उपासनेत जाणतेपणी, सक्रिय भाग घ्यावा असे म्हटले. बरोबर वर्षभराने मुंबईत 38 वी आंतरराष्ट्रीय ख्रिस्तशरीर परिषद भरली. कार्डिनल वॅलेरियन ग्रेशस यजमान होते आणि पोप पॉल सहावे स्वतः आले. भारतात आलेले ते पहिले पोप. त्याच सुमारास ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वीचा उपवास एका तासावर आणला गेला. 1953 पर्यंत मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा वर्ज्य असे, म्हणून मिस्सा भल्या सकाळीच होई. आता संध्याकाळच्या मिस्सेला येणे सोपे झाले. 1969 मध्ये नवा मिस्साग्रंथ आला. वसईतल्या वेद्या भिंतीपासून पुढे आल्या, पाद्री लोकांसमोर उभा राहिला आणि मराठीत बोलू लागला.

‘क्रिस्तपुराणा’पासून मोजले तर या दिवसाला सुमारे साडेतीनशे वर्षे लागली. उशिराचा दोष मराठीच्या कुवतीवर ठेवता येत नाही, कारण त्रैक्य, अवतार आणि बलिदान हे सारे 1616 मध्येच मराठी ओवीत आले होते. 1562 चा ठराव उठेपर्यंत ते वेदीच्या पायरीशी थांबले, इतकेच. नव्या मराठी मिस्सेसाठी प्रार्थना, वाचने आणि गीते तयार करावी लागली. पेटी-तबल्यावरची भक्तिगीते चर्चमध्ये आली. लॅटिन स्तोत्रांची जुनी चाल ऐकलेल्या पिढीला ती प्रथम परकी वाटली असल्यास नवल नाही. घरात सामवेदी किंवा वाडवळी या वसईकडच्या बोली बोलणाऱ्यांसाठी प्रमाण मराठीसुद्धा जरा उंचावरचीच भाषा होती.

22 मे 1998 रोजी मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत स्थापन झाला आणि थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. तेथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि 2010 मध्ये ‘सुबोध बायबल’ प्रसिद्ध केले. त्याला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते. त्या पदावर बसलेले ते पहिले कॅथलिक धर्मगुरू.