हंसाबाईंची कहाणी, स्मिताची 'भूमिका'

समांतर सिनेमाच्या चर्चेत दिग्दर्शकांचीच नावे पुढे येतात. 'भूमिका'चे (१९७७) मूळ मात्र एका मराठी नटीच्या आत्मचरित्रात आहे: हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका'. हे नाव त्यांच्याच १९५९ च्या गाजलेल्या तमाशापटाचे!

घरासाठी लहानपणीच कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली मुलगी. कमाई तिची, निर्णय इतरांचे. हंसाबाईंनी काहीच झाकले नाही.

श्याम बेनेगल यांनी त्यावरून हिंदी चित्रपट काढला. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचून सिनेमात आलेल्या स्मिता पाटील तेव्हा जेमतेम बाविशीच्या. अल्लड वयापासून थकलेल्या प्रौढपणापर्यंतची उषा त्यांनी साकारली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. पुढे 'चक्र'साठी दुसरा.

हंसाबाई १९७१ मध्येच गेल्या होत्या. आपली उषा त्यांनी पाहिलीच नाही.