बिनधारेच्या तलवारीची शिस्त

1487 साली न्यूरेंबर्गमध्ये सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने ‘मार्क्सब्रूडर’ या तलवारबाजांच्या मंडळाला सनद दिली. त्यातले बरेचसे साधे कारागीर होते. जर्मन शहरांत त्यांचे जाहीर सामने भरत, पण त्यासाठी आधी नगरसभेची परवानगी काढावी लागे.

सामन्याची तलवारच वेगळी. तिला धार नाही, टोक बोथट, पातं लवचीक. आणि मुठीला लागून ते एकदम रुंद होतं. त्यामुळे वजन हाताशी राहतं आणि समोरच्याचं घसरत आलेलं पातं तिथेच अडतं. आपल्या फरी-गदगा या खेळातल्या चामडं मढवलेल्या काठीमागेही इजा टाळण्याचा हाच विचार आहे.

नियम कडक होते. भोसकायचं नाही, मुठीच्या गोळ्याने ठोसायचं नाही, डोळ्यांवर किंवा जांघेत वार करायचा नाही. मात्र डोक्यावर मुखवटा नसे आणि निकाल रक्तावर लागे. जखम जितकी वर, तितकी सरशी. स्ट्रासबुर्गचा योआखिम मायर हा चाकू-सुऱ्या घडवणारा माणूस. त्याच्या 1570 च्या ग्रंथातही सरावाच्या तलवारीने भोसकणं वर्ज्यच आहे.

भोसकण्याबाबतची ही खबरदारी अनाठायी नव्हती. 1982 मध्ये रोमला आधुनिक तलवारबाजीच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचं पातं मोडलं आणि ऑलिंपिक विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्हच्या मुखवट्यातून आत घुसलं. काही दिवसांनी तो गेला. त्यानंतर मुखवटे, कपडे आणि पात्यांचं पोलाद यांचे निकष बदलले.

जुन्या जर्मन पद्धतीची तलवारबाजी आज पुन्हा हौसेने खेळली जाते. तिथे पाऊल टाकणाऱ्याने तलवारीआधी मुखवटा घ्यावा.