शुक्रवारचा खुतबा कोणत्या भाषेत?

आम्ही भिवापूरच्या बचत गटाच्या बाया. सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडत बसलो की शुक्रवारी दुपारी मशिदीतला आवाज कानी येतो. एकीनं गटातल्या मुस्लिम ताईला विचारलं, "आज काय सांगून राहिले हो?" ताई म्हणाली, "आधीचं बयान उर्दूत असते, ते समजते. मग अरबीत खुतबा होते, तो मलाही समजत नाही." तेव्हा आम्ही ही गोष्ट नीट जाणून घेतली.

शुक्रवारच्या नमाजेआधी इमाम जो उपदेश करतात, तो खुतबा. त्याचे दोन भाग असतात, मध्ये इमाम थोडं बसतात. पैगंबरसाहेब अरबांपुढं अरबीत बोलत, म्हणजे ऐकणाऱ्यांच्याच भाषेत. पुढं इस्लाम इतर देशांत पोचला आणि भाषेचा प्रश्न उभा राहिला. आठव्या शतकात कूफा शहरातल्या इमाम अबू हनीफांनी दुसऱ्या भाषेतला खुतबाही चालेल, असं मत दिलं. पण बहुतेक विद्वानांनी खुतबा हा उपासनेचाच भाग मानला आणि अरबी राखली. आपल्याकडं बहुतेक मुस्लिम अबू हनीफांना मानणारे, तरी इथंही खुतबा अरबीतच राहिला. समजावून सांगायला आधी बयान आलं.

सगळीकडं असं नाही. केरळात विसाव्या शतकात सुधारकांनी मल्याळममध्ये खुतबा द्यायला सुरुवात केली. त्यावरून वाद झाले. आज तिथं दोन्ही रिती आहेत. तुर्कस्तानात ७ फेब्रुवारी १९२३ रोजी मुस्तफा कमाल यांनी बालिकेसिरच्या मशिदीत उभं राहून सांगितलं, की खुतबा लोकांना कळेल अशा भाषेत हवा. आज तिथं उपदेश तुर्कीतच होतो.

हा प्रश्न एकाच धर्माचा नाही. आपल्या विदर्भात महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी केशोबासांना संस्कृतात लिहू दिलं नाही, कारण पंथातल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकल्या असत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्रिशरण पालीत झालं, पण बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांनी मराठीत दिल्या. जुनी भाषाही राहिली आणि अर्थही लोकांना कळला.

बायांचं तर यात जास्त अडते. ताई म्हणाली, "आमच्या घरच्या बाया जुम्म्याला मशिदीत जात नाहीत. माणसाला विचारलं तर म्हणते, चांगलं सांगितलं." मेहर हा बायकोचा हक्क, बापाच्या मालमत्तेत लेकीचाही वाटा, हे कुराणात आहे. ताईला ते लग्नानंतर बारा वर्षांनी समजलं, लेकीनं पुस्तक वाचून दाखवलं तेव्हा!

खुतबा कोणत्या भाषेत द्यावा, हे त्या समाजानं ठरवावं. आपण बाहेरून सांगू नये. पण आपल्या हक्काची गोष्ट आपल्या भाषेत कळावी, हे मागायला कोणत्याच बाईनं लाजू नये. आता दर शनिवारी बैठकीत ताईची लेक एक पान वाचते आणि आम्ही साऱ्याजणी ऐकतो. तुमच्या गटातही विचारून पाहा, कोणाला काय समजलं नाही ते.