लोखंडाला पाणी, तेलाला मात्र नको

लोहार विळा लालबुंद तापवून पाण्यात बुडवतो, त्याला आपल्याकडे ‘पाणी पाजणं’ म्हणतात. कारखान्यात याच कामाला क्वेंचिंग म्हणतात, पण तिथं बरेचदा पाण्याऐवजी तेल असतं. पाणी पोलादाला फार झपाट्यानं थंड करतं आणि गिअरसारखा पार्ट तडकू शकतो. तेल जरा सबुरीनं घेतं.

आणि नेमकं याच तेलात पाणी शिरलं तर? कूलरची नळी गळली की पुरे. पाणी जड, ते टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. वरून ८५० अंशांचे पार्ट आत गेले, तेल तापलं, की त्या पाण्याची वाफ होते. १ लिटर पाण्याची वाफ जवळपास १,६०० लिटर! तेल फेसाळून टाकीबाहेर येतं, आणि शेजारी भट्टी पेटलेली. म्हणून हजार लिटर तेलात एक लिटर पाणी, म्हणजे ०.१ टक्का, हीसुद्धा धोक्याची पातळी मानतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा सर्व्हर बसला तर रिस्टार्ट मारतो. इथं टाकीशेजारी माणूस उभा असतो.

हे पाणी काढणाऱ्या यंत्राची गोष्ट सुरू होते चक्क दुधापासून. १८७८ साली स्वीडनच्या गुस्ताफ दे लावल यानं दुधातून साय काढणारं फिरतं यंत्र बनवलं. त्याआधीची यंत्रं मध्येच थांबवून साय काढावी लागे. याचं यंत्र एकीकडून दूध घेत राही आणि साय वेगळी देत राही. वेगानं फिरवलं की जड ते बाहेर फेकलं जातं, हलकं मध्याकडे राहतं. आता सायीच्या जागी तेल ठेवा आणि बाकी दुधाच्या जागी पाणी. झालं! विसाव्या शतकात हेच तत्त्व जहाजांच्या आणि कारखान्यांच्या तेलाला लागू झालं. १८८३ला निघालेली त्याची कंपनी म्हणजे आजची अल्फा लावल. हो, पुण्याच्या दापोडीत कारखाना आहे तीच.

पण या यंत्राला फक्त सुटं पाणी दिसतं. तेलात विरघळलेलं पाणी त्याच्या हाती लागत नाही. तिथं व्हॅक्यूम लागतो. हवेचा दाब दहाव्या हिश्श्यावर आणला की पाणी ४६ अंशांच्या आसपासच उकळतं. तेल फार न तापवता पाणी उडून जातं.

आणि पाणी आहे हे ओळखायचं कसं? तापलेल्या प्लेटवर तेलाचा थेंब टाका. फोडणीसारखा तडतडला, तर आहे. किती आहे हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी कार्ल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९३५ला मांडलेली पद्धत आजही प्रयोगशाळेत वापरतात. फक्त नमुना टाकीच्या तळातून घ्यायचा. वरवरचं तेल पाठवलं तर रिपोर्ट झकास येतो, आणि पाणी खाली तसंच.